खालची मराठी ओळ

कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला सगळेच काढत, पेंटर त्याशिवाय बोटंही तपासत. दारात उभे राहून दोन्ही पंजे डोळ्यांसमोर धरायचे, उलटे-पालटे करायचे, नखांच्या कडा बघायचे, आणि कुठे रंगाचा ठिपका नाही अशी खात्री झाली की मगच आत पाऊल टाकायचे. एखाद्या दिवशी अंगठ्यावर हिरव्या ऑइलपेंटचा डाग सापडला तर तसेच मागे फिरत, रॉकेलच्या बोळ्याने घासत, साबणाने धूत, आणि पुन्हा दारात येऊन पहिल्यापासून तपासणी सुरू करत. मी आत बसून हे रोज बघायचे. मला तो शुद्ध वेडेपणा वाटायचा, आणि कामाची घाई असली की रागही यायचा.

ते कंपनीचे खरोखरचे पेंटर होते. तळोज्याच्या एका केमिकल फॅक्टरीत टाक्यांवर, पाइपांवर आणि दारांवर अक्षरं रंगवायच्या कामाला होते. मॅनेजरसाहेबांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना पेंटर म्हणत. मी वयाने लहान म्हणून पेंटरकाका म्हणायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असणारच, पण ते कुणी मोठ्याने उच्चारलेलं मी ऐकलं नाही, म्हणून इथेही उच्चारत नाही. खाडीकाठच्या गावचे. शेत नव्या शहरात गेलं, वडिलांचं मिठागर रस्त्याखाली गेलं, आणि ते आणि त्यांचा धाकटा भाऊ दोघेही कंपनीत आले. त्याआधी आणि त्यानंतरही, आसपासच्या चार गावांतल्या होड्यांवर नावं रंगवायची ती त्यांनीच. नारळी पौर्णिमा जवळ आली की त्यांच्या कानामागे ब्रश असायचा आणि रजेचा अर्ज खिशात.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची. गिरगावातल्या दोन खोल्या सोडून आम्ही नुकतेच वाशीच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. बी.कॉम. आणि वर कॉम्प्युटरचा एक वर्षाचा डिप्लोमा एवढ्या भांडवलावर मला ही नोकरी लागली, आणि त्या खोलीतला एसी, काचेचं दार आणि एकुलता एक कॉम्प्युटर हे सगळं माझ्या ताब्यात आलं. माझं डोकं थोडं हवेत होतं, हे कबूल केलेलं बरं.

वाशी-बेलापूरचं शहर तेव्हा नवं कोरं होतं. जिकडे बघावं तिकडे सेक्टरचे आकडे आणि पिवळ्या पाट्या. त्या पाट्या पेंटरांना सहन व्हायच्या नाहीत. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी एक बारीक ब्रश आणि पांढऱ्या-काळ्या रंगाच्या दोन डब्या कायम असत, आणि रस्त्यात एखाद्या पाटीवरचं अक्षर लंगडं दिसलं की ते तिथल्या तिथे नीट करत. एकदा आम्हाला घेऊन कंपनीची बस कोकण भवनाजवळ थांबली असताना हे खाली उतरले आणि बसस्टॉपच्या पाटीवरच्या 'र'ची शेपटी ओढू लागले. तेवढ्यात कुठलेसे सरकारी बाबू तिथे आले आणि परवानगी कुणाची म्हणून विचारू लागले. पेंटरांनी हातातलं काम न थांबवता त्यांनाच उलट विचारलं, की हे असं अक्षर काढायची परवानगी कुणी दिली होती. अर्धी बस हसत होती. बाबूही शेवटी हसले आणि खालच्या ओळीतलं एक अक्षर पण बघा म्हणाले.

अशा माणसाचं कॉम्प्युटरच्या खोलीत काय काम, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

आमच्या प्लांटमध्ये मोठाल्या टाक्यांतून रसायनं उकळत, आणि रोज सकाळी प्रत्येक टाकीला एक कार्ड लागत असे. कशात काय घालायचं, किती घालायचं, कुठल्या क्रमाने घालायचं, ते त्या कार्डावर लिहिलेलं असे. तीन टाक्या, तीन कार्डं, सगळी इंग्रजीत. टाकीवर काम करणारे बहुतेक जण खाडीकाठच्या गावांतले, चौथी-पाचवी शिकलेले. पेंटरांचा धाकटा भाऊ त्यांच्यातलाच. मी लागायच्या दोन-तीन वर्षं आधी त्याने असंच एक कार्ड अंदाजाने वाचलं आणि पाण्यात ॲसिड ओतायच्या ऐवजी ॲसिडमध्ये पाणी ओतलं. ते उसळून डाव्या हातावर आलं. हात वाचला, पण पंजा जो आखडला तो आखडलाच. पुढे तो चहाचा कप दोन्ही मनगटांत धरून प्यायचा.

तेव्हापासून पेंटर रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तिन्ही कार्डांच्या तळाशी मराठीत एक ओळ लिहू लागले. 'आधी पाणी, मग ॲसिड. हात जपा.' कृती बदलली की ओळ बदलायची, पण शेवटचे दोन शब्द तेच राहायचे. सांगितलं कुणी नव्हतं आणि कुणी नको म्हटलंही नाही.

मग कॉम्प्युटर आला. त्याच सुमारास एका सुपरवायझरने पेनाने कार्डावरचा आकडा बदलला, टाकीतला एक सबंध घाणा वाया गेला, आणि मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढलं की यापुढे कॉम्प्युटरमधून निघालेलंच कार्ड प्लांटमध्ये जाईल. त्याला पेन लावणारा घरी जाईल. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. एकदा पोळले होते, त्यामुळे ताकही फुंकून पीत होते.

त्या फर्मानाच्या दुसऱ्या दिवशी पेंटर पहिल्यांदा माझ्या दारात आले, पंजे तपासले, आत आले आणि प्रिंटरकडे बोट करून म्हणाले, "याला मराठी येते का?"

येत नव्हती. मी ते जरा तोऱ्यातच सांगितलं. त्या प्रिंटरच्या डोक्यात उभ्या रांगेत नऊ सुया होत्या. त्या शाईच्या फितीवर टपटप आपटत आणि कागदावर ठिपके उमटून इंग्रजी अक्षरं तयार होत. पेंटर खाली वाकून बराच वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ठिपकेच आहेत ना, मग ते कुठे मारायचे हे आपण सांगितलं तर ऐकेल का. मला मान्य करावं लागलं की ऐकेल. तसं सांगता येतं हे पुस्तकात मी वाचलं होतं, कधी करून मात्र बघितलं नव्हतं.

पुढचे दोन महिने आमच्या जेवणाच्या सुट्ट्या त्यातच गेल्या. ते आलेखाच्या कागदावर एकेक अक्षर चौकटी भरून काढत, आणि मी त्या चौकटींचे आकडे करून प्रोग्राममध्ये घालत असे. नऊ ठिपक्यांच्या उंचीत मराठी मावत नाही. वेलांटीला वर जागा लागते, उकाराला खाली. म्हणून एक ओळ दोनदा फिरवून छापायची असं ठरलं. शिरोरेघेचं त्यांनी मला असं समजावलं होतं की बांबूवर बोंबील वाळत घालतात तशी अक्षरं तिच्यावर टांगायची. बांबू वाकडा तर सगळे बोंबील वाकडे. 'ॲ'वरची चंद्रकोर जमायला दीड दिवस लागला. हेड ऑफिसातल्या एका मराठीप्रेमी साहेबांनी 'ॲसिड'ऐवजी 'आम्ल' लिहा असं सुचवलं, तेव्हा पेंटर म्हणाले की आम्ल म्हटल्यावर आमची माणसं लोणच्याची फोड शोधत बसतील. चंद्रकोर राहिली.

पहिली ओळ छापून आली आणि पेंटर उठले. कागद फाडून घेतला, प्लांटमध्ये गेले आणि भावाला घेऊन आले. काचेच्या दाराबाहेर उभं राहून भावाने ती ओळ मोठ्याने वाचली, एकेक शब्द सुटा सुटा करून. मग तो आखडलेला हात कपाळाला लावून माझ्याकडे बघून हसला. मला एवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि खरं सांगायचं तर नंतरही फारसा वाटला नाही.

आता पेंटरांचं खूळ वाढलं. अक्षरं प्रिंटरच्या पोटात भरलेली असत आणि प्रिंटर बंद केला की पुसली जात, म्हणून त्यांनी एक छोटी सुबक पाटी रंगवून प्रिंटरवर चिकटवली, 'निजवू नये.' लाइट गेले की ते प्लांटच्या कुठल्याही कोपऱ्यातून धावत येत आणि बोटं तपासून आत शिरत. मी अक्षरं पुन्हा भरेपर्यंत आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे प्रिंटरपाशी बसून राहत. रोज सकाळची तिन्ही कार्डं स्वतः काढायचं त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं. कुठल्या बटणाला काय म्हणतात हे ते कधीच शिकले नाहीत, पण चुकतही कधी नसत.

त्यांची एक म्हण होती, म्हणजे म्हण नव्हे, सवयीचा प्रश्न. कंपनीत काहीही नवीन आलं, मग ती मशीन असो, कँटीनचा कंत्राटदार असो की नवा साहेब असो, ते विचारत, "जुनी कोन कोन हायत घरान, त्यांना इच्यारलंस का?" घरात सून आणताना जसं आधी बघतात, की कोण आजारी आहे, कोणाचं अंथरूण कुठे असतं, तसं. मी हसायचे.

दीड-दोन वर्षांनी कॉम्प्युटरला मोठी डिस्क आली, आणि ती डिस्क चालवायला नवी सिस्टीम. सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाल्यावर सगळ्यात आधी आत येऊन बसणारा प्रोग्राम. तोच मग बाकीच्यांना जागा वाटून देतो. बाहेरून इंजिनियर बोलवायची गरज नाही, मी करते, असं मी साहेबांना सांगितलं. एका शनिवारी मी एकामागून एक फ्लॉप्या घालून नवी सिस्टीम चढवली. पेंटर बाजूला उभे होते. त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, काका, हे यंत्र आहे, यात कुणाला विचारायचं असतं.

सोमवारी सकाळी ते तीन कार्डं घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. वरचं इंग्रजी स्वच्छ होतं. खालच्या ओळीच्या जागी नुसते काळे खिळे विखुरले होते.

चूक माझी होती आणि ती दोन वर्षांपूर्वीच करून ठेवलेली होती. मराठीचा प्रोग्राम लिहिताना मी बघितलं की मेमरीतली एक ठराविक जागा मोकळी असते, आणि त्या जागेचा आकडा मी प्रोग्राममध्ये कायमचा कोरून टाकला. जागा रिकामी दिसली, बसले. जुन्या सिस्टीमबरोबर ते खपून गेलं. नवी सिस्टीम अंगाने मोठी होती. ती त्या जागेपर्यंत पसरली, आणि तिथे आधीपासून दुसरं कुणी बसलंय याची तिला खबरही नव्हती.

हे मी पेंटरांना जमेल तसं समजावलं. त्यांना समजावायला फार वेळ लागला नाही. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "म्हंजे जागा गेली तिची." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, की बदली जागा कुठे मिळते का. त्या आवाजात थट्टा नव्हती. मी खाली मान घालून म्हटलं, मिळेल, पण सगळा प्रोग्राम नव्याने लिहावा लागेल.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि मराठी नसली तर चालेल म्हणाले. इतक्या दिवसांत लोकांना पाठ झालं असेल. पेंटर त्यांच्या केबिनमधून निघाले ते थेट माझ्याकडे आले. त्यांच्या गावात नवी होडी बांधताना मोडीत काढलेल्या जुन्या होडीची एक फळी तिच्यात बसवायची रीत होती. त्याचं कारण त्यांनी सांगितलं, "तिला खारीची वाट म्हाईत आसते." खारी म्हणजे खाडी. मग त्यांनी विचारलं, जुनी सिस्टीम कुठे टाकलीस.

टाकली नव्हती, कपाटात फ्लॉपीवर होती. त्यावरून मार्ग निघाला. रोज सकाळी कॉम्प्युटर जुन्या फ्लॉपीवरून सुरू करायचा. तेव्हा त्याला नवी मोठी डिस्क दिसायचीच नाही, म्हणून तिन्ही कार्डांची कृती आदल्या दिवशी दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून ठेवायची. कार्डं छापायची. मग कॉम्प्युटर बंद करून नव्या सिस्टीमवर पुन्हा सुरू करायचा, आणि दिवसाचं बाकी काम. हा सगळा द्राविडी प्राणायाम पेंटर एकटे करत. तळोज्याच्या हवेत फ्लॉपीवर बुरशी धरते म्हणून त्यांनी ती ॲल्युमिनियमच्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसकट ठेवली होती आणि डब्यावर नाव रंगवलं होतं, 'जुनी फळी'. मी तिच्या आणखी दोन प्रती काढून दिल्या. एवढं करून मी त्यांना शब्द दिला की पंधरा दिवसांत नवा प्रोग्राम लिहून देते.

पंधरा दिवसांनी मला महाप्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. पगार चांगला, काम मोठं, हाताखाली दोन मुली. मी गेले. निघताना पेंटरांना म्हटलं, प्रोग्राम घरी लिहीन आणि आणून देईन. त्यांनी मला चिक्कू दिले, घरच्या झाडाचे.

यानंतरचं लिहायला हात जड होतो. मला वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगायचे, पण ते खरं नाही. रविवार होते, संध्याकाळी होत्या. खरं कारण एवढंच की ते काम आठवलं की माझी चूक आठवायची, आणि नव्या ठिकाणी मला सगळे हुशार म्हणत होते. दोन महिन्यांनी पेंटरांचं पोस्टकार्ड आलं. असं पोस्टकार्ड आमच्या इमारतीत कुणी बघितलं नव्हतं. काळ्या शाईत, प्रत्येक अक्षर शिरोरेघेला मापाने टांगलेलं. लिहिलं होतं, 'मराठी ओळ रोज येते. काळजी करू नये. कामात लक्ष द्यावे.' आईने ते देवघराच्या काचेला टेकवून ठेवलं. आणि मी सुटकेचा श्वास टाकून प्रोग्राम आणखी पुढे ढकलला.

असे दहा महिने गेले. मग महाप्याला आमच्याकडेही नवी सिस्टीम आली. ती चढवायच्या आधी मी कपाटं उघडून जुने प्रोग्राम एकेक करून तपासत बसले, कुणाला काय लागतं त्याची यादी करत. हाताखालच्या मुलीने विचारलं, एवढं कशाला. मी सांगायला तोंड उघडलं आणि तोंडून पेंटरांचाच प्रश्न निघाला. त्या रात्री झोप लागली नाही, आणि पुढच्या दोन रविवारी मी मराठीचा प्रोग्राम पुरा केला. या वेळी जागेचा आकडा कोरला नाही. आधी सिस्टीमला विचारायचं, जागा कुठे आहे, आणि ती देईल तिथे बसायचं, असा लिहिला.

पुढच्या शनिवारी सुट्टी होती. फ्लॉपी पर्समध्ये घालून मी तळोज्याला गेले. गेटपाशी पेंटरांचा भाऊ भेटला. मी पेंटरांची चौकशी केली. तो म्हणाला बरे आहेत, आणि मग मान हलवत म्हणाला, "आवंदा येक बी होरी रंगवली नाय त्यानी. पुनवेला सगल्या होऱ्या बिननावाच्या गेल्या. हात राखून ठेवलाय, म्हनतो." कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, वयाप्रमाणे कंटाळले असतील.

माझ्या जागी एक तरुण क्लार्क बसला होता. मी म्हटलं, मराठी ओळ नव्या सिस्टीमवर चालावी म्हणून प्रोग्राम आणलाय. तो गोंधळला. मराठी ओळ तर येतेच की रोज, तो म्हणाला. पेंटर सकाळी लवकर येतात, मी येईपर्यंत कार्डं तयार असतात. मी म्हटलं, हो, जुन्या फ्लॉपीवरून. त्यावर त्याने कपाटातून तो ॲल्युमिनियमचा डबा काढून दिला. आत तिन्ही फ्लॉप्या होत्या. तिन्हींच्या खिडकीतून बुरशीचे पांढरे डाग दिसत होते. तो सहजपणे म्हणाला की मी लागलो तेव्हापासून त्या अशाच आहेत, चालत नाहीत. तो लागला होता मी गेल्यानंतर महिन्याभरात.

म्हणजे ते पोस्टकार्ड आलं तेव्हा फ्लॉप्या गेलेल्या होत्या.

टेबलावर त्या दिवशीचं एक कार्ड जास्तीचं पडलं होतं. मी ते उचललं. वर इंग्रजी, खाली मराठी, ठिपक्यांची तीच अक्षरं, तीच चंद्रकोर. काही फरक नव्हता. मग ते हातात फिरवताना बोट कागदाच्या पाठीला लागलं. वरच्या ओळींच्या मागे कागद जवळजवळ सपाट होता. खालच्या ओळीच्या मागे बारीक बारीक फोड होते, एकेका ठिपक्याचा एकेक. ते प्रिंटरचे नव्हते.

तेवढ्यात पेंटर दारात आले. माझ्याकडे बघून हसले, पण तरी आधी पंजे वर धरून तपासलेच. उजव्या हाताच्या तर्जनीला आणि अंगठ्याला जाड, काळपट घट्टे पडले होते. पंजा हवेत धरलेला असताना थरथरत होता. आत येऊन त्यांनी माझ्या हातातलं कार्ड घेतलं, चष्मा वर करून बघितलं आणि त्यातला 'ध' जरा हललाय असं नुसतं स्वतःशी म्हणाले.

कसं केलं ते मी विचारल्यावर त्यांनी दाखवलं. क्लार्क चहाला गेला होता. खण उघडून आमचे ते आलेखाचे जुने कागद काढले. कार्डाच्या तळाशी प्रिंटरच्या जुन्या फितीचा तुकडा ठेवायचा, त्यावर आलेखाचा कागद, आणि जाळं विणायच्या सुईचं बोथट टोक एकेका चौकटीवर दाबायचं. एका ओळीचे पाचशेच्या वर ठिपके होत. ते मला माहीत होतं, मीच मोजले होते. रोज तीन कार्डं. पेन कुठे लावलंच नव्हतं, म्हणून फर्मान मोडलं नव्हतं असं त्यांचं म्हणणं. पण कळलं असतं तर साहेबांनी ते ऐकून घेतलं नसतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

मला रडू आवरेना. मी म्हटलं, काका, मला कळवलं का नाहीत, उलट रोज येते म्हणून लिहिलंत.

"रोज येतच व्हती ना," ते म्हणाले. मग सुई पुसून खणात ठेवत म्हणाले, "कलवला आसता त तू धावत आली आसतीस. नवी नोकरी तुजी. रोप लावला का उपटून बगाचा नाय, पोरी. धरू द्याचा."

मी प्रोग्राम चढवला. या वेळी त्यांनी प्रश्न विचारला नाही. प्रिंटर दोनदा फिरला आणि ओळ उमटली. त्यांनी कागद फाडून घेतला आणि पाठीवर बोट फिरवून बघितलं. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण तेवढाच नव्हता. काम गेलेल्या माणसासारखे ते जरा वेळ आपल्याच हाताकडे बघत होते. पुढच्या नारळी पौर्णिमेला त्यांनी ब्रश धरून बघितला, असं भावाने नंतर सांगितलं. रेघ सरळ येईना, म्हणून दोन होड्या करून सोडून दिलं.

निघताना त्यांनी ते सुईचं कार्ड माझ्या पर्समध्ये सरकवलं. इथे कुणाला सापडलं तर नोकरी जाईल, तुझ्याकडे राहू दे, म्हणाले. त्यानंतर मी तळोज्याला दोनदा-तीनदाच गेले. ते गेल्याचं मला उशिरा कळलं. तोवर त्यांचं घर होतं तिथेही इमारत झाली होती.

आज एवढ्या वर्षांनी कुठेही नवी सिस्टीम चढवायची वेळ आली की मला ती खोली आठवते, दारात वर धरलेले दोन पंजे आठवतात, आणि वाटतं की एकदा, एकदाच त्यांनी मागे उभं राहून विचारावं, की जुनी कोण कोण आहेत, विचारलंस का. मी या वेळी हसणार नाही. सगळ्यांची नावं सांगेन.

कार्ड अजून माझ्याकडे आहे. फितीची शाई केव्हाच उडाली. वरच्या इंग्रजी ओळी आता कुणाला वाचता येणार नाहीत, आणि समोरून बघितलं तर खालचीही नाही. पण कागद पालथा करून डोळे मिटले आणि बोट फिरवलं की ठिपके एकेक करून लागतात. कुठला शब्द कुठे आहे ते बोटाला पाठ झालंय. मी शेवटच्या दोन शब्दांपाशी थांबते. हात जपा.